राजा, पाय सोड

"राजा, पाय सोड."

असं म्हणाला तो. पापनाशमकडचा पण्णैयार, म्हणजे मोठा जमीनदार. त्याच्या पोरीचं लग्न होतं. दारात पंदल, म्हणजे मांडव, केळीचे खांब, तविलचा ढोल दणादण वाजतोय. मी लाकडी पायांवर उभा. कमरेला घोडा, डोक्याला तुरा, गालाला रंग. नाच झाला होता. तो मला शाल घालायला खुर्चीतून उठला. जवळ आला तर त्याचं डोकं माझ्या छातीला लागलं. शाल घालायला हात वर करावा लागणार होता. सगळं गाव बघत होतं. त्याला ते खपलं नाही.

"पाय सोड. मग घे."

मी तेव्हा पंचविशीतला असेन. आता त्र्याहत्तर. अजून ते दोन शब्द कानात आहेत. ते दोन शब्द मी तीनदा ऐकले. ते सांगायला बसलोय. तीनदा ऐकून मी काय केलं ते जास्त सांगायचंय.

आमचा धंदा पोय्क्काल कुदिरै. खोट्या पायांचा घोडा. बांबूच्या कामट्या, त्यावर तरट, त्यावर चिंचोक्याच्या खळीने कागद, मग रंग आणि आरशाचे तुकडे. मधे भोक. भोकात माणूस. पायाखाली लाकडी पाय बांधायचे, दीड वीत उंच, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं दिसतं. एक घोडा राजाचा, एक राणीचा. मी राजा, माझी बायको राणी. आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर तंजावरला आले म्हणतात. कोणी घोड्यावर आले असतील. माझे चालत आले असणार. आम्हाला घोडा मिळाला तो कागदाचाच.

बाप सांगायचा, राजाचा पाय जमिनीला लागत नाही. लागला की राजा संपला. गाण्यांत, कथांत सगळ्या शूर माणसांचं तेच. ते वर असतात. बाकीचे खाली असतात आणि वर बघतात. शूर म्हणजे काय, तर ज्याच्याकडे मान वर करून बघावं लागतं तो. माझ्या डोक्यात हिरो म्हणजे तेवढंच बसलं.

म्हणून आमच्यात एक रीत होती. राजाच्या पायाची गाठ लोकांना दिसता कामा नये. ती मागे, पोटरीवर मारायची. राणीची गाठ पुढेच असते, तिच्या पायावर लुगडं असतं, कोण बघतंय. आता गाठ मागे, कमरेला घोडा, म्हणजे राजाचा हात गाठीपर्यंत पोचत नाही. बांधायलाही दुसरं माणूस लागतं, सोडायलाही. माझे पाय बायको बांधायची, बायकोच सोडायची. आधी ती स्वतःचे सोडायची, पुढे वाकून, दोन झटक्यांत. मग माझ्यासमोर जमिनीवर बसायची. मी उंच ओट्यावर, पाय लोंबकळत. ती खाली, मान घालून. तिच्या भांगातलं कुंकू दिसायचं मला. पन्नास वर्षं तिचं तोंड कमी आणि भांग जास्त पाहिला मी.

तर पण्णैयार म्हणाला पाय सोड. पंदलात ओटा कुठला? मी तसाच जमिनीवर बसलो. बसलो कसला, पडलो. घोडा वर उचलला गेला, माझे दोन्ही पाय घोड्याखालून बाहेर आले, आभाळाकडे. मागून कोणीतरी ओरडलं, "अरे बघा, राजाचा घोडा व्यायला!"

काय हसले लोक. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. नवरी हसली. तविलवालाही हसला, तो तर आमच्यातला.

माझी बायको आली. तिचे पाय सोडून झाले होते. ती माझ्या पायांशी बसली आणि गाठ सोडायला लागली. मग मी उभा राहिलो, माझ्या खऱ्या पायांवर. मान घातली, तशी पण्णैयारच्या खांद्याला लागलो. त्याने वरून शाल टाकली माझ्यावर, दोरीवर टाकतात तशी. मी हात जोडले. "सामी," म्हणालो. देवाला म्हणतात तसं.

परत येताना रस्त्यावर ती म्हणाली, "नको म्हणायचं होतं तुम्ही."

"तुला काय कळतं?"

"शाल नको म्हणायचं. पाय सोडायची गरजच नव्हती."

"गप बस."

दोन्ही घोडे आम्ही डोक्यावर घेतले होते. तिच्या डोक्यावरचा माझा होता. माझा जड असतो, आणि माझी मान दुखत होती.

पुढे पण्णैयारांचे दिवस गेले. जमिनी वाटल्या गेल्या, लग्नं हॉलमध्ये व्हायला लागली. आता मोठा माणूस म्हणजे सिनेमाचा हिरो. थिएटरसमोर त्याचा प्लायवूडचा पुतळा उभा करायचे, चाळीस फुटी. त्याला हार, त्याला आरती, त्याच्या डोक्यावर दुधाचे कॅन. मलाही आवडायचा तो. एका सिनेमात तो हमाल होता. गोणी उचलायचा, आणि शेवटी जमीनदाराला भर पंदलात तुडवायचा. मी शिट्टी मारली. मला पापनाशमचा पण्णैयार दिसला तिथे. वाटलं, हा आपला. राजे गेले, आता आपल्यातला माणूस हिरो झाला.

बायको शेजारी बसली होती. ती म्हणाली, "त्याची आई बघितलीत? तो मारतो तोवर ती रडते. मारून झालं की डोळे पुसते. अख्ख्या सिनेमात बाईला दुसरं काम नाही."

"तुला सिनेमा दाखवणं पाप आहे," मी म्हणालो.

त्याच हिरोच्या पुढच्या सिनेमाला आम्हाला बोलावलं. तंजावरातच. त्याच्या भक्तांचं मंडळ, मंड्रम म्हणतात, त्याच्या सेक्रेटरीचं सायकलचं दुकान होतं. मिरवणुकीपुढे राजाराणीचे घोडे नाचवायचे, स्टँडपासून थिएटरपर्यंत. नाचलो. भर दुपार, चैत्रातलं ऊन, डांबर चिकटत होतं लाकडाला. पुतळ्याजवळ पोचलो. वर कोणीतरी शिडीवर चढून दूध ओतत होतं. खाली सगळं दूध आणि धूळ मिळून चिखल. सेक्रेटरी फोटोवाल्याला घेऊन आला.

"डेय राजा, पाय सोड."

मी म्हणालो, "का?"

"तलैवरसमोर कोणी उंच उभं राहायचं नाही."

"तो चाळीस फूट आहे."

"फोटोत तुझा तुरा त्याच्या गुडघ्याला लागतोय. पाय सोड, आणि नमस्कार कर. साष्टांग."

सेक्रेटरी माझ्याहून वीस वर्षांनी लहान होता. मला डेय म्हणाला, म्हणजे अरे. आणि ज्याला तो तलैवर, म्हणजे नेता, म्हणत होता, तो पडद्यावर हमाल होता. माझ्यासारखा. त्या हमालासमोर मला खाली उतरायला सांगत होते.

मी उतरलो. नाही म्हणता आलं असतं. मी उतरलो. बायकोने पाय सोडले, मी त्या दुधाच्या चिखलात पालथा पडलो, प्लायवूडला नमस्कार केला. वरून दूध तुऱ्यावर ठिबकत होतं. फोटो निघाला. पेपरात आला म्हणे. मी बघितला नाही.

आता जे सांगतो ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

तिथून मिरवणूक पुन्हा सुरू झाली. पाय पुन्हा बांधले, थिएटरला वळसा घातला आणि मग घर. घरी ओट्यावर बसलो. अंगाला दुधाचा आंबूस वास. ती स्वतःचे पाय सोडून माझ्यासमोर बसली. मान घातली, गाठीला हात घातला. गाठ दुधाने भिजून आवळली होती. वेळ लागत होता. ती म्हणाली, फक्त एवढंच म्हणाली, "या वेळी तरी नको म्हणायचं."

मी पाय झटकला.

लाकडी पायाचा कोपरा तिच्या डाव्या भुवईवर बसला. रक्त आलं. तिने पदर लावला. मग दुसऱ्या हाताने गाठ सोडली. आधी ती गाठ सोडली तिने, मग उठून हळद भरली.

मी सगळ्यांना सांगितलं, चुकून लागला. पायाला मुंग्या आल्या होत्या, झटका आला. तीही म्हणायची, "घोड्याचं लाकूड लागलं." भुवईवर खूण राहिली. नाचताना ती त्यावर बिंदी ओढून घ्यायची. लोकांना वाटायचं राणीची शोभा.

चुकून नाही. मी मारला. पण्णैयारला मारायचा होता, सेक्रेटरीला मारायचा होता, त्या प्लायवूडला मारायचा होता. ते सगळे उंच होते. खाली एकच माणूस होतं.

तीस वर्षं झाली त्याला. त्यानंतरही रोज तीच बसायची खाली. आणि तिचे पाय मी एकदाही सोडले नाहीत. कधी डोक्यातच आलं नाही.

गेल्या वर्षी एका कॉलेजातले प्राध्यापक घरी आले. तरुण माणूस, मवाळ बोलणारा. चपला बाहेर काढून आला, मला आदराने अय्या म्हणाला. फोन समोर ठेवून विचारायला लागला. घोडा कसा करतात, गाणी कोणती, बाप कोण, आजा कोण. मी भडाभडा सांगितलं. कोणी विचारतंय म्हटल्यावर जीभ सुटते म्हाताऱ्याची. मग त्याने विचारलं, "आणि राणी?"

आत खोलीत ती पडून होती. दोन्ही किडन्या गेलेल्या. दार उघडं होतं.

मी म्हणालो, "राणीचं काय. राणी कुणीही नाचते. कसब सगळं राजाचं."

तेच बोललो मी. पन्नास वर्षं जिने दहा किलोचा घोडा अंगावर घेऊन माझ्याबरोबर पाऊल टाकलं, पोट असताना सातव्या महिन्यापर्यंत नाचली, ओरत्तनाडुला माझा तोल गेला तेव्हा स्वतःचा घोडा माझ्या घोड्याला टेकवून मला उभं ठेवलं आणि लोकांना तो नाचच वाटला, तिच्याबद्दल. नावही घेतलं नाही. बायकोचं नाव परक्यापुढे घेत नाहीत आमच्यात. ते एक निमित्त.

प्राध्यापक गेले. मी आत गेलो. ती छताकडे बघत होती.

"जेवायचंय ना?" तिने विचारलं.

"हो."

"मग बोलवा कुणालाही. रसमही कुणीही वाढेल."

मी हसलो. तीही हसली थोडी. आणि भिंतीला धरून उठली, आणि वाढलं तिने. मी जेवलो.

आडी महिन्यात, म्हणजे आषाढात, ती गेली. बायकांनी तिला आंघोळ घातली. माझी वहिनी बाहेर आली आणि म्हणाली, "भुवईवर ही खूण कसली हो, एवढी जुनी?"

मी म्हणालो, "घोड्याचं लाकूड."

ती मेलेली पडलीय आणि मी अजून तेच सांगतोय. तेव्हा मला स्वतःची किळस आली. पण तोंडातून खरं निघालं नाही.

दहा दिवस झाल्यावर मी प्राध्यापकांना फोन केला. म्हणालो, "पुस्तकात एक नाव घाला. राणीचं. अंबुबाई."

"नक्की, अय्या. नक्की घालतो."

मग त्यांचाच फोन आला. कॉलेजात दोन दिवस चर्चा आहे, साहित्यातला नायक, काल आणि आज. पुस्तक त्या दिवशी निघणार. तुम्ही राजाच्या वेशात या, पाहुण्यांचं स्वागत करा, मग स्टेजवर तुमचा सत्कार.

मुलगी माझी दवाखान्यात नर्स आहे, शेजारच्या गल्लीत राहते. ती चिडली.

"अप्पा, अम्माला जाऊन चार महिने नाही झाले. वेश करणार तुम्ही?"

"तिचं नाव छापलंय पुस्तकात."

"बघितलंत?"

"म्हणाला तो."

"लोक म्हणतात आणि तुम्ही घोडा बांधता," ती म्हणाली. तिची आईच बोलली त्यातून.

तरी मी गेलो. मला नाव बघायचं होतं. दुसरं काही नको होतं, खरंच. छापलेलं नाव घरी न्यायचं, तिच्या फोटोसमोर ठेवायचं. नको म्हणायचं होतं तेव्हा म्हणालो नाही, निदान हे तरी.

कॉलेजच्या दोन पोरांनी पाय बांधले. मी सांगितलं तशी गाठ मागे मारली. फाटकात उभं केलं मला. नऊ वाजता. गाड्या येत होत्या. लोक उतरायचे, माझ्याबरोबर फोन धरून फोटो काढायचे, आत जायचे. मला कोणी काही बोललं नाही. घोड्याशी कोण बोलतं.

आतलं सगळं बाहेर कर्ण्यावर ऐकू येत होतं. कोणीतरी मोठा माणूस बोलत होता. एकेकाळी नायक म्हणजे राजा, थोर कुळातला, निर्दोष. मग नायक झाला बंडखोर. मग नायकच वाईट झाला, दारुडा, खुनी, तरी आपण त्याच्यासाठी रडलो. आणि आता, तो म्हणाला, आता नायकाला उंची नको आहे. आजचा नायक साधा माणूस आहे. तो आपल्या दारात उभा आहे, आपण त्याला ओळखत नाही.

टाळ्या पडल्या.

मी त्याच्या दारात उभा होतो. अकरा वाजले होते. घसा कोरडा पडला होता. मला हसू आलं आणि त्याच वेळी मेल्यासारखं झालं. तो बोलत होता ते खोटं नव्हतं. पण त्याच्या बोलण्यातसुद्धा मी होतो, ती नव्हती. राजा गेला, हमाल आला, दारुडा आला, साधा माणूस आला. सगळे बाप्ये. सगळ्यांचे पाय कोणीतरी बांधत असणार. त्याबद्दल कर्ण्यावर एक शब्द नाही. आणि तो शब्द ज्याच्याकडे होता त्याने, म्हणजे मीच, फोनसमोर सांगितलं होतं, राणी कुणीही नाचते.

एका पोरीने मला पुस्तक आणून दिलं. विद्यार्थिनी होती, दोन वेण्या, गळ्यात ओळखपत्र. मी घोड्याच्या मानेवर पुस्तक ठेवून उघडलं. तमिळ वाचता येतं मला, चौथीपर्यंत शिकलोय. माझं पान सापडलं. मोठा फोटो. राजा. फोटो जुना होता, आमच्या दोघांचा, माझ्या घरातूनच नेलेला. तो कापला होता. ती कापलेली होती. डाव्या कडेला फक्त तिच्या घोड्याचं नाक शिल्लक होतं, रंगवलेलं लाल नाक, माझ्या फोटोत घुसल्यासारखं.

खाली माझं नाव, बापाचं, आज्याचं. मग एक ओळ: राणीची भूमिका स्त्री सहकलाकार करीत असत.

नाव नाही.

खाली मोठ्या अक्षरांत माझंच वाक्य छापलं होतं. कसब सगळं राजाचं.

तेवढ्यात प्रमुख पाहुणे बाहेर आले. नाव असलेला लेखक, पांढरं वेट्टी धोतर, हसरा. मागे प्राध्यापक, हातात पोन्नाडै, ती जरीची मानाची शाल. फोटोवाला म्हणाला, जमत नाहीये, पाहुण्यांचं डोकं घोड्याच्या मागे जातंय. प्राध्यापक माझ्याजवळ आले. अगदी अदबीने, हात जोडून म्हणाले,

"अय्या, जरा पाय सोडता का?"

तिसऱ्यांदा.

दोन वेण्यांच्या त्या पोरीला त्यांनी खूण केली. ती आली आणि माझ्या पायांशी वाकली. मान घातली. वरून मला तिचा भांग दिसला. सरळ, पांढरा भांग, मधे कुंकू नाही, एवढाच फरक.

मी पाऊल मागे घेतलं.

"ऊठ," मी म्हणालो.

"तात्ता, एक मिनिट, गाठ—" आजोबा म्हणाली ती मला.

"ऊठ पोरी. गाठीला हात लावू नकोस. कुणाच्याच पायाशी बसू नकोस."

ती घाबरून उभी राहिली. प्राध्यापक म्हणाले, "अय्या, काय झालं?"

"मी पाय सोडणार नाही."

लेखक हसत म्हणाला, "राजा रुसला." लोक हसले.

मी पुस्तक पुढे धरलं. "माझ्या बायकोचं नाव कुठंय?"

"सहकलाकार म्हणून उल्लेख आहे ना, अय्या."

"तिला नाव होतं. मी फोनवर सांगितलं होतं तुम्हाला."

"छापखान्यात गेलं होतं तोवर. पुढच्या वेळी नक्की."

"तिला पुढची वेळ नाही."

कोणी हसलं नाही आता. मग मी आणखी एक बोललो. "आणि हे वाक्य खोडा. हे मी बोललो, पण खोटं बोललो. ती आतून ऐकत होती तेव्हा बोललो."

प्राध्यापक खाली बघायला लागले. वाईट माणूस नाही तो. लेखकाने घड्याळ बघितलं. "चला, उशीर होतोय," म्हणाला. ते चार पावलं बाजूला गेले, कमानीखाली उभे राहिले, फोटो निघाला. मी फोटोत नाही. शाल एका खुर्चीवर ठेवली होती. तिला मी हात लावला नाही.

फाटकातून बाहेर पडलो, लाकडी पायांवर, घोड्यासकट. त्र्याहत्तराव्या वर्षी. एक रिक्षावाला म्हणाला, "तात्ता, सोडू का?" मी म्हणालो, "नको, माझे मला सोडायचेत." त्याला काही कळलं नाही.

शंभर पावलांवर कालव्याचा कठडा आहे. त्यावर बसलो. खांद्यावरचे पट्टे सोडले, घोडा काढून बाजूला ठेवला. मग वाकलो. गाठ मागे. हात पोचेना. पोटरीत गोळा आला. दोनदा प्रयत्न केला. घाम आला, डोळ्यांत पाणी आलं. मग रागाने मी दोरीच धरून ओढली, गोल फिरवली. कातडं सोललं गेलं. आणि दोरी फिरली.

गाठ पुढे आली.

एवढंच होतं. दोरी फिरवली की गाठ पुढे येते. दोन झटक्यांत सोडली मी, तिच्यासारखी. पन्नास वर्षं मी म्हणत होतो, राजाला स्वतःचे पाय सोडता येत नाहीत. बाप म्हणायचा, मी म्हणायचो. येत होते. पहिल्या दिवसापासून येत होते. मी कधी वाकलोच नव्हतो.

त्या कठड्यावर बसून मी रडलो. ती गेली तेव्हाही असा रडलो नव्हतो. तेव्हा दुःख होतं. हे दुसरं होतं. तोंड लपवायला जागा नव्हती.

मुलगी न्यायला आली. तिला मी तिथेच सांगितलं, भुवईची खूण कसली होती ते. घोड्याचं लाकूड नव्हे, तुझा बाप. तिने बाजूचा घोडा उचलला. मग म्हणाली, "अम्माने मला सांगितलं होतं. तुम्ही कधी सांगाल का, बघत होती ती."

तिने मला माफ केलं असं ती म्हणाली नाही. मी विचारलंही नाही.

दोन दिवसांनी प्राध्यापकांचा फोन आला. कॉलेजात काचेचं कपाट करतोय, राजाचे लाकडी पाय द्या, म्हणाले. मी म्हणालो, दोन्ही जोड्या न्या. माझी आणि तिची. दोऱ्या बदलायच्या नाहीत. गाठ घासून माझ्या पायाचं लाकूड मागून झिजलंय, तिचं पुढून. शेजारी शेजारी ठेवा, बघणाऱ्याला कळेल कोण कुणाचे सोडत होतं.

"अय्या, कपाट लहान आहे. एकच जोडी मावेल."

"मग तिची न्या."

"तिची कोण बघणार, अय्या?"

मी फोन ठेवला.

दोन्ही जोड्या मी बाहेर तिण्णैवर लावल्या आहेत, रस्त्याकडे तोंड करून. आमच्या घराचा तो ओटा, जिथे मी बसायचो आणि ती खाली. गल्लीतून जाणारा येणारा बघतो. वर भिंतीवर चुन्याने लिहिलंय, तमिळमध्ये आणि आमच्या बालबोध अक्षरांत, बापाने भजनाच्या वहीवरून शिकवली होती ती. आधी तिचं नाव. खाली लिहिलंय, हिने दोघांचे पाय सोडले. हिचे कुणी सोडले नाहीत. पाऊस आला की पुसतं. मी पुन्हा लिहितो. हात चालतोय तोवर लिहीन.

घोडा मी कमरेला बांधणार नाही, कुठल्याही दारात, कुणाच्याही पुस्तकासाठी. माझ्या पायाशी कुणी वाकणार नाही. भुवईची गोष्ट जो विचारेल त्याला सांगेन, जो विचारणार नाही त्यालाही सांगेन.

गल्लीत मला अजून राजा म्हणतात. परवा एकाने हाक मारली, "काय राजा, ऊन खाताय?" मी ओ दिली नाही. तो जवळ आला, खांद्याला हात लावला. मी भिंतीकडे बोट दाखवलं.

"आधी ते वाच," म्हणालो.

त्याने वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घातली नाही.

माझं नाव इथे कुठे लिहिलेलं नाही. लिहिणारही नाही. तिचं अंबुबाई.